‘लॉस्ट’मधला ‘वॉकअबाउट’: गोष्ट सांगण्याच्या युक्त्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा भाग नेमका कोणता, आणि याचीच निवड का?

‘लॉस्ट’ ही एबीसी वाहिनीवरची अमेरिकन मालिका. 22 सप्टेंबर 2004 रोजी सुरू झाली आणि सहा सिझननंतर 23 मे 2010 रोजी संपली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं ओशनिक कंपनीचं 815 क्रमांकाचं विमान एका अनोळखी बेटावर कोसळतं आणि वाचलेल्या माणसांना तिथे तग धरावी लागते, ही तिची मूळ कल्पना. चित्रीकरण हवाईतल्या ओआहू बेटावर झालं.

‘वॉकअबाउट’ हा पहिल्या सिझनचा चौथा भाग 13 ऑक्टोबर 2004 रोजी दाखवला गेला. लेखक डेव्हिड फ्युरी, दिग्दर्शक जॅक बेंडर. या पटकथेला एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं. पण मी तो निवडला त्याला कारण वेगळं आहे. शेवटी धक्का देणारे भाग पुष्कळ मालिकांत असतात. एकदा धक्का कळला की त्यातले बहुतेक पुन्हा बघवत नाहीत. ‘वॉकअबाउट’ मात्र दुसऱ्या वेळी जास्त आवडतो, आणि तसं का होतं हे शोधायला गेलं की पटकथालेखनातल्या बऱ्याच गोष्टी हाताला लागतात.

मी तो अजून बघितलेला नाही. हे वाचू का?

नका वाचू. आधी बघा. पुढच्याच उत्तरात शेवट सांगितला आहे, आणि नंतर मालिकेच्या पुढच्या सिझनमधल्या गोष्टीही येतील.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

अपघाताला काही दिवस झालेत. खायला उरलेलं संपत आलंय. विमानाच्या सांगाड्यात मृतदेह तसेच पडलेत आणि त्यांच्या वासानं रानडुकरं येऊ लागलीत. मूठभर शेंगदाण्यांवरून भांडण जुंपलेलं असताना एक सुरी उडत येऊन सॉयर नावाच्या प्रवाशाजवळच्या सीटमध्ये रुतते. फेकणारा जॉन लॉक, टक्कल पडलेला, आतापर्यंत गप्प गप्प राहिलेला माणूस. त्याच्याकडे सुटकेस भरून सुऱ्या आहेत. ‘डुकराची शिकार करू’ म्हणतो आणि केट व मायकल या सहप्रवाशांना घेऊन जंगलात जातो. जॅक या डॉक्टरच्या सांगण्यावरून इकडे किनाऱ्यावर सांगाडा मृतदेहांसकट जाळायची तयारी चालते.

मध्ये मध्ये लॉकचं अपघाताआधीचं आयुष्य दिसतं. खोकी बनवणाऱ्या कंपनीतली कारकुनी, वयानं लहान असलेला आणि टोमणे मारणारा साहेब, एकट्याचं घर, ऑस्ट्रेलियात रानावनातून पायी प्रवास, म्हणजेच ‘वॉकअबाउट’ करायचं स्वप्न. शेवटच्या फ्लॅशबॅकमध्ये सहल कंपनीचा माणूस त्याला न्यायला नकार देतो, आणि तेव्हा आपल्याला कळतं की लॉक व्हीलचेअरवर आहे. चार वर्षांपासून. विमान कोसळल्यावर वाळूत डोळे उघडले तेव्हा त्याचे पाय चालू लागले होते.

इतकी मोठी गोष्ट चाळीसेक मिनिटं लपवली कशी?

दोन पातळ्यांवर. पहिली कॅमेऱ्याची. फ्लॅशबॅकमधल्या जागा आठवून बघा: ऑफिसातलं टेबल, जेवणाच्या सुट्टीतलं टेबल, घरातला पलंग, सहल कंपनीच्या कचेरीतलं टेबल. प्रत्येक ठिकाणी माणूस बसलेला किंवा पडलेला असणं इतकं साहजिक आहे की ‘हा उठत का नाही?’ हा प्रश्न डोक्यात येतच नाही. साहेब स्वतः चालत त्याच्या टेबलाशी येतो. फ्रेम कमरेच्या वर राहते, आणि संवादाच्या दृश्यांत ती एरवीही तशीच असते. लपवण्यासाठी वेगळं काहीच केलेलं नाही. नेहमीचीच मांडणी अशा जागी वापरली आहे जिथे ती आपोआप लपवते.

दुसरी पातळी लेखनाची, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. प्रेक्षकाला रहस्य दिसू नये असं वाटत असेल तर त्याला आधी दुसरं रहस्य द्यावं लागतं. पहिल्या फ्लॅशबॅकमध्ये फोनवरचा माणूस लॉकला ‘कर्नल’ म्हणतो. सुऱ्या फेकणारा माणूस आपण नुकताच बघितलेला असतो, म्हणून लगेच वाटतं की हा सैन्यात होता. थोड्या वेळानं कळतं की हे पटावरच्या युद्धखेळातलं पद आहे. मग हेलन नावाच्या बाईशी तो फोनवर फार जिव्हाळ्यानं बोलतो, तिच्यासाठीही तिकीट काढलंय म्हणतो. ही कोण? प्रेयसी? तर ती पैसे घेऊन फोनवर बोलणारी परकी बाई निघते.

असे दोन छोटे उलगडे झाले की आपल्याला वाटतं, कळला हा माणूस. एकटा, दुबळा, स्वतःला मोठमोठ्या गोष्टी सांगून जगणारा. आपण निकाल देऊन मोकळे होतो, आणि शोध तिथेच थांबतो. खरं रहस्य त्या निकालाच्या मागे शांत बसलेलं असतं. मग सहल कंपनीचा माणूस उठून जायला लागतो, लॉक संतापून त्याच्या मागे वळतो, टेबलाच्या आडून त्याची खुर्ची बाहेर येते आणि तिला चाकं असतात. कुणी काही बोलून सांगत नाही. मघाशी दिलेला आपला निकाल आपल्याला आपणच मागे घ्यावा लागतो.

म्हणजे प्रेक्षकाची फसवणूकच झाली ना?

मला तसं वाटत नाही. फसवणूक म्हणजे खोटं दाखवणं. इथे खरं दाखवलंय आणि वेळेवर दाखवलंय.

भागाची सुरुवातच बघा. लॉकचा डोळा उघडतो. आजूबाजूला आरडाओरडा, आग. तो स्वतःच्या पायाकडे बघतो आणि पायाची बोटं हलवतो. अख्खं उत्तर पहिल्याच मिनिटात समोर ठेवलेलं आहे! आपण ते ‘वाचलेला माणूस हातपाय शाबूत आहेत का बघतोय’ असं वाचतो, कारण आपणही तेच केलं असतं.

त्याआधीच्या भागांतही खुणा आहेत. पहिल्या भागात पाऊस सुरू होतो, सगळे आडोशाला पळतात आणि हा एकटा हात पसरून पावसात बसतो. दुसऱ्या भागात मायकलच्या छोट्या मुलाला, वॉल्टला, बॅकगॅमन हा पटावरचा खेळ शिकवताना विचारतो, तुला एक गुपित सांगू का? तिसऱ्या भागात वॉल्ट बापाला म्हणतो की लॉक म्हणतात इथे चमत्कार झाला. मायकल उडवून लावतो: आपण सगळेच वाचलो, चमत्कार सगळ्यांच्याच बाबतीत झाला. किती चोख लिहिलंय हे! खरी माहिती दिली आणि लगेच दुसऱ्या पात्राकरवी तिचा साधा, पटणारा अर्थही लावून टाकला.

या भागातही साहेब जेव्हा त्याच्या स्वप्नाची टर उडवतो तेव्हा लॉक दाखला देतो तो पाय नसलेल्या एका गिर्यारोहकाचा. जगात हजार साहसी माणसं असताना नेमका तोच का, हे पहिल्यांदा बघताना कुणी विचारत नाही.

‘लॉस्ट’मधल्या फ्लॅशबॅकचं वेगळेपण काय?

एरवी फ्लॅशबॅक माहिती पुरवतो. पूर्वी अमुक झालं होतं, म्हणून आज तमुक होतंय. इथे बेटावरचं प्रत्येक दृश्य आणि त्यानंतरचा भूतकाळ एकमेकांना विरोध करतात. बेटावरचा लॉक कुणी न विचारता पुढारीपण घेतो, माग काढतो, डुकराबद्दल जाणकारासारखा बोलतो. लगेच पुढे कारकून लॉक साहेबाची बोलणी खातो. ही दोन माणसं एक कशी, हा प्रश्न प्रत्येक कटसोबत मोठा होत जातो, आणि शेवटचा फ्लॅशबॅक त्या एकाच प्रश्नाचं उत्तर देतो.

संवादाची पुनरावृत्तीही याच कामाला लावली आहे. डुकराच्या हल्ल्यात मायकलच्या पायाला इजा होते. त्याला परत न्यायला हवं, पण लॉक एकट्यानं पुढे जायचं ठरवतो. केट म्हणते की एकट्याला नाही जमणार. त्यावर तो म्हणतो, ‘मला काय जमणार नाही ते मला सांगू नका.’ त्या वेळी हा हेका वाटतो. हेच वाक्य कचेरीत, खुर्चीतून, ओरडून येतं तेव्हा त्याचं वजन बदलतं. लेखकानं क्रम उलटा ठेवलाय: कालक्रमानं आधीचं वाक्य आपण नंतर ऐकतो. सरळ क्रमानं सांगितलं असतं तर ते तकियाकलाम झालं असतं.

शेवटी एक अप्रतिम गोष्ट आहे, जी बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. पहिल्या भागात जॅक ढिगाऱ्याखाली पाय अडकलेल्या एका माणसाला ओढून काढायला हाका मारून मदत मागतो. ‘वॉकअबाउट’च्या शेवटी तोच क्षण पुन्हा येतो, या वेळी लॉकच्या बाजूनं. लॉक नुकताच उभा राहिलाय, डळमळतोय, आणि कुणीतरी त्याला हाक मारतं: अहो, इकडे या, जरा हात द्या. चार वर्षांत असं अंगमेहनतीचं काम त्याला कुणी सांगितलं असेल का? पहिल्या भागात जो नुसता गर्दीतला मदतनीस होता, त्याच्यासाठी तो आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण होता. जुन्या दृश्याला एकही नवं वाक्य न जोडता त्याचा अर्थ पालटून टाकला आहे.

जंगलातला तो राक्षस दाखवला का नाही?

कारण लॉकचा चेहरा दाखवायचा होता. झाडं मोडत काहीतरी येतं, लॉक वर बघतो आणि कॅमेरा त्या ‘काहीतरी’च्या जागी जातो. आपण वरून लॉककडे बघत राहतो. त्याच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा नवल जास्त आहे. पैसे वाचवण्यासाठी राक्षस न दाखवणं ही जुनी युक्ती; इथे तिचा उपयोग पात्र सांगण्यासाठी झालाय. परत आल्यावर मायकल विचारतो, तू काही पाहिलंस का? तो म्हणतो, नाही. हे सरळ खोटं आहे आणि ते का बोलला हे या भागात कळत नाही. पुढच्याच ‘व्हाइट रॅबिट’ या भागात तो जॅकला सांगतो की या बेटाच्या डोळ्यात मी पाहिलंय आणि जे दिसलं ते सुंदर होतं.

रोझ, जॅक, शॅनन यांची उपकथानकं भरतीची आहेत का?

शॅननचं आहे, असं मला वाटतं. मी माझा मासा मिळवू शकते हे भावाला दाखवायला ती चार्ली या सहप्रवाशाला गोड बोलून मासेमारीला लावते. ‘मला जमेल’ हा धागा तिथेही आहे, पण पातळ.

रोझचं मात्र भागाच्या गाभ्याशी जोडलेलं आहे. तिचा नवरा बर्नार्ड विमानाच्या मागच्या भागात होता, जो हवेतच तुटून गेला. सगळ्यांना वाटतं की तिला धक्का बसलाय, ती सत्य स्वीकारत नाही. ती जॅकला शांतपणे सांगते की तो जिवंत आहे. मागचे लोकही आपल्याबद्दल हेच म्हणत असतील. दुसऱ्या सिझनमध्ये ती खरी ठरते. म्हणजे एका भागात दोन माणसं अशी आहेत जी पुराव्याविरुद्ध विश्वास ठेवतात, आणि दोघंही बरोबर आहेत. त्यांच्या मध्ये जॅक, डॉक्टर, ज्याला आपला मेलेला बाप सुटाबुटात उभा दिसतोय आणि ते कुणाला सांगायची त्याची हिंमत नाही. श्रद्धा आणि तर्क यांचं जे भांडण पुढे सहा सिझन चाललं, त्याची पहिली मांडणी इथे आहे, तीही एकदाही भांडण न दाखवता.

सांगाडा जाळतानाचं दृश्य एवढं लांब का ठेवलंय?

वाचलेल्यांपैकी क्लेअर मृतांची नावं वाचते. कुणाचीच ओळख नाही, म्हणून त्यांच्या सामानातून जे सापडलं तेच सांगते: कोण कुठली, डोळ्यांना लेन्स लागायच्या, अवयवदान करणार होती. चार कागदांवरून जुळवलेलं माणूस. गेली चाळीस मिनिटं आपणही लॉकला असंच जुळवत होतो आणि चुकत होतो. हे दृश्य शेवटच्या उलगड्याला लागून ठेवणं ही संपादनाची कमाल आहे. त्याच आगीच्या उजेडात लॉकला ती रिकामी व्हीलचेअर दिसते आणि तो किंचित हसतो.

पाय बरे कसे झाले हे सांगितलंच नाही. हा लेखनातला दोष नाही का?

या भागापुरता नाही. इथला प्रश्न ‘हा माणूस असा का वागतो?’ असा आहे आणि त्याचं उत्तर पूर्ण मिळतं. ‘बेटात काय शक्ती आहे?’ हा दुसरा प्रश्न, तो पुढच्यासाठी उघडा ठेवलाय. रहस्यमालिका लिहिताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवता आले पाहिजेत. भाग संपताना पात्राचा प्रश्न मिटला आणि जगाचा प्रश्न उरला, तर प्रेक्षक समाधानानंही जातो आणि परतही येतो. ‘लॉस्ट’च्या पुढच्या काही भागांत दोन्ही प्रश्न अर्धवट राहतात, आणि लोकांचा वैताग तिथूनच सुरू झाला. ती तक्रार मला रास्त वाटते. ‘वॉकअबाउट’वर ती लागू होत नाही.

अपंग प्रेक्षकाच्या बाजूनं बघितलं तर हा भाग खटकत नाही का?

खटकतो, आणि त्याबद्दल मोकळेपणानं बोललं पाहिजे. चमत्कारानं बरं होणं हा जगभरच्या कथांमधला फार जुना साचा आहे. त्यात न बोलता एक गोष्ट गृहीत धरलेली असते: व्हीलचेअरवरचं आयुष्य अपुरं, चालू लागणं म्हणजेच खरं जगणं. ‘वॉकअबाउट’ या साच्यातून बाहेर पडत नाही. त्याहून जास्त मला डाचतं ते हे की व्हीलचेअर इथे धक्क्याचं साधन आहे. माणसाचं रोजचं वाहन एका कटमध्ये ‘अरे बापरे’ होऊन जातं.

तरीही कचेरीतल्या दृश्यात दुसरी बाजू आहे. लॉक तिथे दयेची भीक मागत नाही. या स्थितीमुळे माझं काहीच अडलेलं नाही, असं तो ठणकावून सांगतो. समोरचा माणूस दुष्ट नाही, आवाजही चढवत नाही. विम्याचं कारण पुढे करतो आणि तुम्ही आम्हाला आधी कळवलं नाही म्हणून दोष लॉकवरच ढकलतो. नकार कसा दिला जातो याचं हे अगदी खरं चित्र आहे. लॉकचा अपमान त्याच्या पायांनी केलेला नाही, त्या कचेरीनं केलाय, एवढं लेखकाला नक्की दिसलेलं आहे. मात्र पुढचाच कट बेटावर जातो, तो चालू लागतो आणि कचेरीनं काय करायला हवं होतं हा प्रश्न तिथेच सुटून जातो.

ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या प्रथेचं चित्रण बरोबर आहे का?

चित्रण असं नाहीच. ज्या प्रथेवरून भागाचं नाव आलं, ती ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांची. इथे तिच्यातलं फक्त ‘निसर्गात एकट्यानं जाऊन स्वतःला सिद्ध करणं’ एवढंच घेतलंय, तेही मेलबर्नच्या एका सहल कंपनीच्या जाहिरातीतून. त्या समाजातलं एकही माणूस भागात बोलत नाही. लॉकसारखा माणूस दुसऱ्याच्या परंपरेत स्वतःचं नशीब शोधतो हे पात्र म्हणून पटतं. मालिकेनं त्याकडे एकदाही चिकित्सेनं बघितलं नाही, ही उणीव.

जॉन लॉक हे नाव मुद्दाम?

हो. सतराव्या शतकातल्या इंग्लिश तत्त्वज्ञाचं. फार ताणू नका. भाग समजायला त्याची गरज पडत नाही.

अभिनय आणि संगीत यांचा वाटा किती?

बराच मोठा. टेरी ओ’क्विन एकाच भागात दोन शरीरं वापरतो. बेटावर त्याची मान ताठ, हालचाल सावकाश, मोजकी. ऑफिसात खांदे आत ओढलेले, नजर पटकन खाली. याच भूमिकेसाठी 2007 मध्ये त्याला सहाय्यक अभिनेत्याचा एमी मिळाला. संगीत मायकल जिआकिनोचं. त्याच्या वाद्यवृंदात तंतुवाद्यं आणि ट्रॉम्बोन पुढे असतात. कचेरीतल्या दृश्यात आणि त्याला लागून येणाऱ्या किनाऱ्याच्या दृश्यात तंतुवाद्यांनी जो सूर धरलाय, त्यामुळे हा क्षण ‘कसं फसवलं!’ असा न वाटता दुःख आणि आनंद एकदम आल्यासारखा वाटतो. एकदा आवाज बंद करून बघा.

मी एकांकिका लिहितो. हीच युक्ती रंगमंचावर जमेल का?

जशीच्या तशी नाही. कॅमेरा प्रेक्षकाची नजर बांधून ठेवतो. नाट्यगृहात तिसऱ्या रांगेतला माणूस हवं तिथे बघतो. टेबलाला कापड लावून पाय झाकले तर ते कापडच ओरडून सांगेल. पण दुसरी पातळी, लेखनाची, पूर्णपणे जमते. प्रेक्षकाला दोन छोटी रहस्यं द्या, ती प्रामाणिकपणे उलगडा, त्याला पात्राबद्दल मत बनवू द्या. मग ते मत मोडा. एक अट आहे: शेवटचा उलगडा घटनेबद्दल न राहता माणसाबद्दल काहीतरी सांगणारा हवा. ‘तो मेलेला होता’, ‘ते स्वप्न होतं’ असले शेवट टाळ्या मिळवतात, पण पात्राला रिकामं करून जातात.

पुन्हा बघताना कशाकडे लक्ष देऊ?

टेबलांकडे. डुकराच्या धडकेनंतर लॉक पाठीवर पडलेला असताना त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय तिकडे. पहिल्या वेळी आपल्याला वाटतं तो डुकराला घाबरलाय. आणि लॉक ज्या ज्या वेळी नुसता उभा असतो तिकडे.

याला जोडून पुढचे कोणते भाग बघावेत?

पहिल्या सिझनचा एकोणिसावा भाग ‘डेउस एक्स मॅकिना’, ज्यात लॉकचा बाप येतो आणि बेटावर त्याचे पाय पुन्हा दगा देऊ लागतात. मग तिसऱ्या सिझनमधला ‘द मॅन फ्रॉम टॅलाहासी’; तो व्हीलचेअरवर कसा आला ते तिथे कळतं. शेवटी 2008 मधला, चौथ्या सिझनचा ‘कॅबिन फीव्हर’. त्यात लॉक पाय गेल्यानंतर (विमान कोसळण्याच्या आधी) उपचार घेत असताना त्याची खुर्ची ढकलणारा एक परिचर त्याला सुचवतो की तू या ऑस्ट्रेलियातल्या प्रवासाला जा. कचेरीत ज्याला तो ‘माझं विधिलिखित’ म्हणून ओरडत होता, ते त्याच्या डोक्यात दुसऱ्याच कुणीतरी घातलेलं होतं. म्हणून हा भाग आधी बघू नका. दरम्यानचे सगळे सिझन बघून मगच त्याच्याकडे या.